धुराड्यातली मुले आणि गोष्टीतली आशा

वर्गात गोष्ट सांगताना एक अडचण आपल्यापैकी बहुतेकांना कधी ना कधी येते. गोष्टीतले मूल उपाशी आहे, मार खाते आहे, आजारी आहे. समोरची मुले गप्प होऊन ऐकत आहेत. आता पुढे काय सांगायचे? सगळे जसेच्या तसे सांगितले तर मुले उदास होतील, कदाचित रात्री दचकून उठतील. शेवट गोड केला तर आपण थोडे खोटे बोललो, ही टोचणी आपल्यालाच लागून राहते. दुःख किती सांगावे आणि आशा किती द्यावी, याचे काही माप असते का?

खरे तर हा प्रश्न साहित्याच्या अभ्यासकांचा. माझे काम प्रयोगशाळेतले. पण विज्ञानाचा इतिहास वाचताना एक असे प्रकरण हाती लागले, की त्यात या प्रश्नाची अनेक उत्तरे एकापाठोपाठ एक तपासायला मिळतात. इंग्लंडात धुराडी साफ करणाऱ्या लहान मुलांचे हे प्रकरण आहे. सुमारे शंभर वर्षे या मुलांबद्दल कवींनी लिहिले, कादंबरीकारांनी लिहिले, डॉक्टरांनी लिहिले आणि पार्लमेंटनेही पानेच्या पाने लिहिली. प्रत्येकाने दुःख आणि आशा यांची वाटणी वेगळी केली. आणि शेवटी प्रत्यक्षात काय झाले हे आपल्याला माहीत आहे, त्यामुळे कोणती आशा खरी ठरली हेही पाहता येते.

नऊ इंचांची वाट

काजळी आपल्याला नवी नाही. रॉकेलच्या कंदिलाची काच रोज पुसावी लागे, ती हिच्याचमुळे. कोळसा किंवा तेल पूर्ण जळले नाही, की न जळलेला कार्बन आणि काही तेलकट पदार्थ बारीक कणांच्या रूपात धुराबरोबर वर जातात आणि थंड पृष्ठभागावर बसतात.

लंडनमध्ये १६६६ साली मोठी आग लागली आणि शहर नव्याने बांधले गेले. लाकडाऐवजी दगडी कोळसा जाळण्याचे प्रमाण वाढत होते. कोळशाच्या शेगडीला चांगला ओढा हवा, म्हणून धुराडी अरुंद बांधली जाऊ लागली. साधारण माप १४ इंच बाय ९ इंच. काही तर ९ इंच बाय ९ इंच. एकेका घरात अनेक शेगड्या, त्यांची धुराडी भिंतीतून वाकडीतिकडी वळणे घेत वर जाऊन एकत्र येणार. आत साठलेली काजळी वेळोवेळी खरवडली नाही, तर तीच पेट घेई आणि घराला आग लागे. तेव्हा सफाई आवश्यक होती, आणि नऊ इंचांच्या वाटेने आत जाऊ शकेल असे माणूस म्हणजे लहान मूल.

पाच-सहा वर्षांची मुले या कामाला घेतली जात. काही अनाथालयातली, काही आईवडिलांनीच थोड्या पैशांसाठी मालकाच्या हवाली केलेली. कागदोपत्री ती ‘उमेदवार’ असत, म्हणजे धंदा शिकायला ठेवलेली. कोपर आणि गुडघे भिंतीला टेकवत, सुरवंटासारखे अंग आखडत आणि पसरत ती वर सरकत. डोक्यावर काजळी कोसळत राही. कपडे अडकू नयेत म्हणून पुष्कळदा ती उघडीच चढत. कोपरांची आणि गुडघ्यांची कातडी सोलवटून निघे. ती घट्ट व्हावी म्हणून मालक तिथे खारे पाणी चोळत आणि मुलाला विस्तवाजवळ उभे करीत. घसरून गुडघे हनुवटीला भिडले, की मूल पाचरीसारखे अडकून बसे. वेळेवर भिंत फोडली नाही तर गुदमरून मरे. जमवलेली काजळी शेतकऱ्यांना खत म्हणून विकली जाई, आणि ती भरायची पोतीच रात्री या मुलांच्या अंगावर पांघरूण म्हणून असत.

१७८८ साली पार्लमेंटने पहिला कायदा केला. आठ वर्षांखालच्या मुलाला उमेदवार म्हणून ठेवू नये आणि मुलांना आठवड्यातून एकदा तरी आंघोळ घालावी, अशी त्यात कलमे होती. धुराडेवाल्या मालकांना परवाना सक्तीचा करावा, असे एक कलम मूळ मसुद्यात होते. ते उमरावांच्या सभागृहाने काढून टाकले. हे काढलेले कलम वाचकांनी लक्षात ठेवावे. आपण पुढे त्याच्याकडे येणार आहोत.

एका शल्यचिकित्सकाने जोडलेली दोन टोके

या कायद्याच्या तेरा वर्षे आधी, १७७५ साली, लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयातले शल्यचिकित्सक पर्सिव्हल पॉट यांनी एका रोगाचे वर्णन प्रसिद्ध केले. वृषणाच्या पिशवीच्या त्वचेवर होणारा हा कर्करोग धुराडी साफ करणाऱ्यांमध्ये विशेष दिसत असे. धंद्यातले लोक त्याला काजळीचा मस म्हणत. पॉट यांनी त्याचा संबंध त्वचेच्या घड्यांमध्ये साचून राहणाऱ्या काजळीशी जोडला. विशिष्ट व्यवसायामुळे कर्करोग होतो, हे इतक्या स्पष्टपणे प्रथमच मांडले गेले.

यात अवघड काय होते ते पाहा. मूल धुराड्यात चढे पाच ते बारा-तेरा या वयात. रोग दिसे पुष्कळदा तिशी-चाळिशीत. तोवर तो माणूस कदाचित दुसऱ्याच धंद्यात असेल. कारण आणि परिणाम यांच्यात वीस-पंचवीस वर्षांचे अंतर. पॉट यांनी ही दोन टोके एकत्र आणली. त्यांचे लेखन वैद्यकीय असले तरी या मुलांच्या नशिबाबद्दलचे काही शब्द त्यात आहेत: लहानपणी क्रूर वागणूक, थंडी, उपासमार, अरुंद आणि कधी तापलेल्या धुराड्यांत कोंबले जाणे, आणि मोठेपणी हा रोग. पण त्याच लेखात लवकर शस्त्रक्रिया केली तर रोगी वाचू शकतो, असेही ते सांगतात. दुःखाचे नेमके वर्णन आणि त्याच्या शेजारी, जेवढी खरोखर आहे तेवढीच आशा. एका डॉक्टरने नकळत गोष्ट सांगण्याचा एक चांगला नमुना घालून दिला, असे मला वाटते.

देवदूताची किल्ली

आता कवीकडे येऊ. विल्यम ब्लेक लंडनचाच. खोदकाम करून चित्रे छापणे हा त्याचा व्यवसाय. त्याने धुराडी साफ करणाऱ्या मुलांवर एकाच नावाच्या दोन कविता लिहिल्या. पहिली १७८९ च्या संग्रहात आहे, दुसरी १७९४ च्या.

पहिल्या कवितेत एक मुलगा बोलतो. आई वारली, बापाने विकले, नीट बोलताही येत नव्हते तेव्हापासून तो काम करतो आहे. त्याचा नवा सोबती टॉम केस कापताना रडतो, आणि रात्री त्याला स्वप्न पडते. हजारो मुले काळ्या शवपेट्यांत बंद आहेत. एक देवदूत चकचकीत किल्ली घेऊन येतो आणि सगळ्यांना मोकळे करतो. मुले हिरव्या माळावर धावतात, नदीत आंघोळ करतात, उन्हात चमकतात. चांगला वागलास तर देव तुझा बाप होईल, असे देवदूत टॉमला सांगतो. मग जाग येते. अजून अंधार आहे. मुले पोती आणि ब्रश घेऊन कामाला निघतात. थंडी आहे, पण टॉम आनंदात आहे.

वरवर वाचले तर ही आशेची कविता. पण त्या आशेचे काम काय? टॉमला पुन्हा धुराड्यात पाठवणे. स्वप्नामुळे त्याची थंडी सुसह्य झाली, धुराडे तेवढेच अरुंद राहिले. पाच वर्षांनंतरच्या कवितेत ब्लेकने हे उघडच केले. बर्फात उभा असलेला मुलगा सांगतो की आईबाप चर्चमध्ये प्रार्थनेला गेले आहेत. मी हसतो, नाचतो, म्हणून आपण याचे काही वाईट केले नाही असे त्यांना वाटते. मुलाचा आनंद हीच मोठ्यांची सबब झाली आहे.

पुढची एक घटना मासलेवाईक आहे. १८२४ साली शेफील्डचे कवी जेम्स मॉन्टगोमेरी यांनी या मुलांच्या बाजूने जनमत तयार करण्यासाठी एक संकलन प्रसिद्ध केले. त्यासाठी निबंधकार चार्ल्स लँब यांनी ब्लेकची कविता पाठवली, आणि ती छापली गेली. कोणती? देवदूताची. बर्फातल्या मुलाची नव्हे.

दुःख आहे, पण वाट नाही

याच्या उलट टोकाचे उदाहरण १८१९ चे आहे. त्या वर्षी धुराड्यात मुले चढवण्यावर बंदी घालणारे विधेयक कॉमन्स सभागृहात मंजूर झाले आणि उमरावांच्या सभागृहाने ते फेटाळले. त्याच वर्षी सिडनी स्मिथ या नामांकित लेखकाने ‘एडिंबरो रिव्ह्यू’ या नियतकालिकात मुलांच्या हालांवर एक सविस्तर लेख लिहिला. पार्लमेंटपुढे आलेल्या साक्षींतून त्याने एकेक यातना मांडली. वाचताना अंगावर काटा येतो. आणि निष्कर्ष? विधेयक फेटाळले ते योग्यच झाले, कारण जुन्या घरांतली पुष्कळ धुराडी दुसऱ्या कोणत्याही रीतीने साफ होण्यासारखी नाहीत.

हे कल्पित लेखन नव्हे. तरीही गोष्ट सांगणाऱ्याने त्यातून एक शिकावे. दुःख कितीही तपशिलाने सांगितले तरी वाचक त्यातून काही करायला उठेलच असे नाही. वाटच नाही असे एकदा ठरले, की दुःख हा नुसता देखावा होतो. वाचक हळहळतो आणि पान उलटतो.

वाट खरोखर नव्हती का? होती. १८०३ साली चढणाऱ्या मुलांची गरज संपवण्यासाठी लंडनमध्ये एक संस्था निघाली, आणि त्याच वर्षी जॉर्ज स्मार्ट यांनी धुराड्यासाठी यांत्रिक ब्रश तयार केला. एकात एक बसणाऱ्या पोकळ नळ्या, त्यातून दोरी आणि टोकाला उघडणारा ब्रश, अशी त्याची रचना. १८२८ मध्ये जोसेफ ग्लास यांनी वेताच्या लवचिक काठ्या जोडून केलेला सुधारित ब्रश आणला. आजही हाताने धुराडी साफ करताना त्याच धर्तीचे साधन वापरतात. फारच वाकड्या धुराड्यांना वळणाच्या जागी एक झडप बसवली की काम भागत होते. पण झडप बसवायची तर भिंत फोडायची, गवंड्याला पैसे द्यायचे, गालिचा खराब होणार. त्यापेक्षा मूल स्वस्त पडे.

चार्ल्स डिकन्सची ‘ऑलिव्हर ट्विस्ट’ १८३७ पासून क्रमशः येऊ लागली. तिच्या तिसऱ्याच प्रकरणात गॅमफील्ड नावाचा धुराडेवाला अनाथ ऑलिव्हरला उमेदवार म्हणून मागायला येतो. करार तयार आहे. म्हातारा न्यायाधीश सही करायला दौत शोधतो, दौत नेमकी दिसत नाही, आणि शोधता शोधता त्याची नजर ऑलिव्हरच्या पांढऱ्याफटक चेहऱ्यावर जाते. तो थांबतो, विचारतो, आणि सही करत नाही. ऑलिव्हर वाचला.

प्रसंग विलक्षण आहे. कुणीतरी मान वर करून मुलाकडे पाहिले, एवढीच इथली आशा. ती खोटी नाही. अशी माणसे असतात. पण दौत समोरच असती तर? आणि गॅमफील्ड रिकाम्या हाताने परत जाईल तो कुठे? दुसऱ्या अनाथालयात. एक मूल योगायोगाने सुटले, रांग तशीच राहिली.

टॉम नदीत उतरतो

आता ज्या पुस्तकासाठी हा सगळा प्रपंच, त्याच्याकडे येऊ. ‘द वॉटर बेबीज’, म्हणजे पाण्यातली बाळे, ही चार्ल्स किंग्जली यांची कादंबरी ‘मॅकमिलन्स मॅगझीन’मध्ये ऑगस्ट १८६२ ते मार्च १८६३ या काळात क्रमशः आली आणि १८६३ मध्येच पुस्तकरूपाने निघाली. किंग्जली (१८१९–१८७५) धर्मोपदेशक होते, केंब्रिजला इतिहासाचे प्राध्यापक होते, आणि समुद्रकिनाऱ्यावरच्या प्राण्यांचे हौशी निरीक्षक होते. कॉलऱ्याच्या साथींनंतर स्वच्छ पाणी आणि गटारे यांच्यासाठी त्यांनी तळमळीने काम केले. डार्विनचा ग्रंथ नोव्हेंबर १८५९ मध्ये निघाला, तेव्हा त्याचे स्वागत करणारे ते पहिल्या काही धर्मोपदेशकांपैकी होते. त्यांच्या पत्रातला विचार डार्विनने नाव न घेता दुसऱ्या आवृत्तीत घातला.

गोष्टीचा नायक टॉम धुराडी साफ करतो. सुरुवातीलाच लेखक त्याची आशा सांगतो. मोठा झाल्यावर टॉमला काय हवे आहे? स्वतःचा धंदा, दारूच्या गुत्त्यात बसून ओढायला लांब पाइप, आणि हाताखाली दोन-तीन उमेदवार. मालक ग्राइम्स जसा आपल्याला बडवतो तसे आपण त्यांना बडवणार. काजळीची पोती ती पोरे वाहतील आणि आपण गाढवावर बसून पुढे चालू. दुःखाचे याहून खरे चित्र मी क्वचित पाहिले आहे. मुलाला मार बसतो हे दुःख आहेच. पण मारणारा होणे हीच त्याला माहीत असलेली एकमेव आशा आहे.

एका बड्या घरी टॉम चुकीच्या धुराड्यातून एलीच्या पांढऱ्याशुभ्र खोलीत उतरतो. तिथे त्याला एक काळे, ओंगळ माकड दिसते. तो त्याच्यावर रागावतो. मग कळते की तो आरसा आहे. आपण घाणेरडे आहोत हे त्याला प्रथमच समजते, आणि तो रडतो. चोर समजून लोक पाठलाग करतात. माळ ओलांडून, कडा उतरून, तापाने फणफणलेला टॉम नदीशी येतो आणि स्वच्छ व्हायचे या एकाच विचाराने पाण्यात उतरतो. तिथे त्याला झोप लागते. जागा होतो तेव्हा तो ३.८७९०२ इंच लांबीचा, गळ्याभोवती कल्ले असलेला जलचर झालेला असतो.

लोकांना पाण्यात एक देह सापडतो. ती टॉमची नुसती कात होती, असे लेखक सांगतो. चतुराची अळी पाण्याबाहेर येऊन कात टाकते, तसा टॉम आपले काजळीचे शरीर मागे ठेवून गेला. म्हणजे टॉम बुडून मेला का? मोठ्या वाचकाला कळते की हो. लहान वाचकाला कळते की नाही. दोघांनाही एकच वाक्य पुरते.

पुढचे पुस्तक नदीतून समुद्रापर्यंतच्या प्रवासाचे आहे, आणि त्यात विज्ञानाची भरपूर थट्टामस्करी आहे. मेंदूतला ‘हिप्पोकॅम्पस मायनर’ हा भाग फक्त माणसात असतो, असे रिचर्ड ओवेन म्हणत आणि टी. एच. हक्स्ले ते खोडून काढत. किंग्जलींनी त्याचे ‘हिप्पोपोटॅमस मेजर’ करून टाकले. पाण्यातली बाळे नसतातच, असे ठासून सांगणाऱ्या प्राध्यापकाच्या जाळ्यातच टॉम सापडतो. १८८५ च्या आवृत्तीत बाटलीतल्या बाळाकडे भिंगातून पाहणारे ओवेन आणि हक्स्ले असे चित्र होते. ते पाहून १८९२ मध्ये हक्स्लेंच्या जेमतेम पाच वर्षांच्या नातवाने, तुम्ही खरेच ते बाळ पाहिले का, असे आजोबांना पत्र लिहून विचारले. आजोबांनी गंभीरपणे उत्तर दिले. हा नातू म्हणजे पुढे जीवशास्त्रज्ञ आणि युनेस्कोचे पहिले महासंचालक झालेले ज्युलियन हक्स्ले.

शेवटी टॉम ग्राइम्सला शोधायला जातो. ग्राइम्स एका धुराड्यात छातीपर्यंत अडकलेला असतो. आपली आई वारल्याचे ऐकून तो रडतो, आणि त्याच्याच आसवांनी काजळी धुतली जाऊन चुना सुटतो. टॉम पुढे रेल्वे, वाफेची इंजिने आणि तारायंत्रे यांची आखणी करणारा मोठा वैज्ञानिक होतो. मारकुटा मालक होण्यापलीकडे ज्याची कल्पना जात नव्हती, तो मुलगा इथवर येतो. माणूस बदलू शकतो, ही किंग्जलींची आशा.

एक तपासणी

या आशेकडे आदराने, पण नीट पाहायला हवे.

पहिली गोष्ट, ही आशा मृत्यूच्या पलीकडे आहे. टॉमचे पाणी म्हणजे ब्लेकच्या स्वप्नातलीच नदी. दुसरी, पापाचा सगळा भार ग्राइम्सवर आहे आणि सुधारण्याची सगळी जबाबदारी टॉमवर. ज्या घरमालकाची धुराडी झाडायला मूल बोलावले तो सर जॉन भला गृहस्थ आहे. तो टॉमचा शोध घेतो, हळहळतो, टॉमच्या कातेवर छोटेसे थडगे बांधतो. त्याच सुमारास सरकारी बालमजुरी आयोगापुढे धुराडेवाले मात्र वेगळेच सांगत होते: आम्ही यंत्र वापरतो म्हटले की गिऱ्हाईक म्हणते, मुलगा आणणारा दुसरा बघतो. तिसरी, पुस्तकात आळशी लोक पिढ्यानपिढ्या घसरत माकडे होतात. वाचणाऱ्याला हाच उत्क्रांतिवाद वाटण्याचा संभव आहे. डार्विनच्या निसर्गनिवडीत चांगल्या-वाईट वागणुकीचे बक्षीस किंवा शिक्षा नसते. शिवाय आयरिश व इतर लोकांबद्दलची तुच्छता पुस्तकात जागोजाग आहे, आणि काळे म्हणजे घाणेरडे हे समीकरणही. आज वर्गात हे पुस्तक वाचायचे तर या गोष्टी बोलूनच वाचावे लागेल.

आता दुसरा दावा. ‘द वॉटर बेबीज’मुळे कायदा झाला, असे पुष्कळ ठिकाणी लिहिलेले सापडते. सनावळी पाहू. १८४० च्या कायद्याने २१ वर्षांखालच्या कुणालाही धुराड्यात चढवायला बंदी होतीच. तो पाळला जात नव्हता, कारण शिक्षा देणाऱ्या न्यायाधीशांच्या घरीही धुराडी होती. बालमजुरी आयोगाचा अहवाल १८६३ चा, म्हणजे कादंबरी आणि चौकशी बरोबरीनेच चालल्या होत्या. १८६४ मध्ये लॉर्ड शाफ्ट्सबरी यांच्या प्रयत्नांनी शिक्षा वाढवणारा कायदा झाला. पुस्तकाने लोकांची मने तयार केली असतील. नाही असे म्हणवत नाही. पण १८६४ चा कायदाही फसला.

किंग्जली २३ जानेवारी १८७५ रोजी वारले. पुढच्याच महिन्यात, ते जिथे शिकवत असत त्या केंब्रिजजवळ, फुलबर्नच्या इस्पितळात जॉर्ज ब्रूस्टर नावाचा अकरा-बारा वर्षांचा मुलगा धुराड्यात अडकला. भिंत फोडून त्याला बाहेर काढले. थोड्याच वेळात तो मेला. चौकशी झाली आणि मालकाला सहा महिने सक्तमजुरी झाली. शाफ्ट्सबरींनी वृत्तपत्रात पत्रांमागून पत्रे लिहिली, आणि त्याच वर्षी नवा कायदा मंजूर झाला. धुराडी साफ करणाऱ्या प्रत्येक मालकाने पोलिसांकडून दरवर्षी परवाना घ्यायचा, आणि आधीचे कायदे मोडले जात नाहीत हे पोलिसांनी पाहायचे. १७८८ साली वगळलेले कलम ८७ वर्षांनी परत आले. मुले धुराड्यांतून बाहेर आली ती त्यानंतर. देवदूताची किल्ली शेवटी परवान्याच्या कागदात निघाली.

पाण्याचीही एक हकिगत राहिली. १८९२ मध्ये हेन्री बटलिन या शल्यचिकित्सकाने विचारले, की काजळीचा कर्करोग इंग्लंडात इतका आणि युरोपातल्या इतर देशांत इतका कमी का? उत्तर मिळाले ते साधे होते. तिकडचे धुराडेवाले अंगभर घट्ट कपडे घालत आणि काम संपल्यावर नीट आंघोळ करीत. १९१५ मध्ये टोकियोत यामागिवा आणि इचिकावा यांनी सशांच्या कानांना महिनोन्महिने डांबर लावून कर्करोग निर्माण करून दाखवला. १९३३ मध्ये लंडनच्या संशोधकांनी डांबरातून बेंझोपायरीन हा कर्करोगकारक पदार्थ वेगळा केला. पॉट यांच्या निरीक्षणापासून तिथवर १५८ वर्षे गेली. पण टॉमला स्वच्छ व्हायचे होते, आणि स्वच्छ होणे हाच खरा बचाव होता. त्यासाठी रेणूचे नाव कळेपर्यंत थांबायची गरज नव्हती. मरायची तर अजिबातच नव्हती.

मग माप कोणते?

सुरुवातीचा प्रश्न होता, दुःख किती आणि आशा किती. या इतिहासावरून मला वाटते की ‘किती’ हा प्रश्नच कमी कामाचा आहे. ब्लेकच्या देवदूताकडे आशा भरपूर होती, स्मिथच्या लेखात दुःख भरपूर होते, आणि दोन्हींनंतर मूल धुराड्यातच राहिले. विचारायचे ते असे: दुःख नेमके सांगितले आहे का? आणि आशा येते ती कुठून, व ती कुणाला काय करायला लावते? दुःख नेमके सांगितले, की वाट कुठे काढता येईल तेही दिसू लागते. डिकन्सचा न्यायाधीश मान वर करतो. किंग्जलींचा टॉम आरशात पाहतो. गोष्ट याहून जास्त करू शकली नाही तरी एवढे तिने जरूर करावे. आणि जी आशा सोसणाऱ्यालाच आणखी सोसायला सांगते, तिच्याबद्दल आपण सावध असावे.

म्हणून मुलांना दुःखाच्या गोष्टी सांगायला भिऊ नये, असे माझे मत आहे. गोष्ट संपल्यावर लगेच फळा पुसून पुढच्या धड्याकडे मात्र वळू नये. या मुलाला कोण मदत करू शकले असते, हा एक प्रश्न विचारावा. मुले आधी मालकाला शिव्या देतील. मग कुणीतरी घरमालकाचे नाव घेईल. मग झडप, ब्रश, पोलीस, न्यायाधीश, डॉक्टर अशी यादी फळ्यावर वाढत जाईल. ती यादी म्हणजेच गोष्टीत न लिहिलेली आशा.

वरच्या वर्गांत एक पाऊल पुढे जाता येईल. हातांनी मैला साफ करायला लावण्याविरुद्ध आपल्याकडे १९९३ मध्ये कायदा झाला, २०१३ मध्ये अधिक व्यापक कायदा झाला. गटारे साफ करणारी यंत्रेही उपलब्ध आहेत. तरीही गटारात उतरलेली माणसे विषारी वायूने गुदमरून मेल्याच्या बातम्या येत राहतात. विद्यार्थ्यांनी आपल्या गावच्या नगरपालिकेत किंवा ग्रामपंचायतीत जाऊन विचारावे: हे काम इथे कोण करते, कोणत्या साधनांनी करते, ते ठेका देताना कुठे लिहिलेले आहे, आणि ते पाळले जाते की नाही हे कोण पाहते? उत्तरे वहीत लिहून आणावीत आणि मग टॉमची गोष्ट पुन्हा वाचावी.